परसातील एक दिवस

श्रोतेहो, भोपाळचे वन्यजीवन म्हटले की कोणालाही प्रथम वाघच आठवतो, आणि त्यात नवल नाही. मोठ्या तलावाच्या काठी १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेले वनविहार आहे. शहराला लागूनच असलेल्या केरवा आणि कलियासोत धरणांच्या परिसरात वाघांचा वावर आहे. काही अंतरावरच्या रातापानीच्या अरण्याला २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या वार्ता वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचतात. परंतु त्याच भोपाळात, होशंगाबाद रस्त्याच्या अंगाला, बाग सेवनिया नावाची वस्ती आहे, आणि त्या वस्तीतील एका घरामागे बारा पावले लांब व आठ पावले रुंद असे परस आहे. तेथे राहणाऱ्या जीवांची वार्ता कोणी छापीत नाही. आजचे हे भाषण त्यांच्याविषयी आहे.

बाग सेवनिया या नावात बाग आहे खरी. पण आज तेथे बागेपेक्षा घरांच्या रांगाच अधिक दिसतात. बरकतउल्ला विद्यापीठ जवळ, एम्सचे मोठे रुग्णालय जवळ. त्यामुळे वस्ती वाढत गेली आणि मोकळी जमीन आक्रसत गेली. ज्या घराची ही हकिकत, ते घर मराठी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ ही त्याची राजधानी झाली. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे बिऱ्हाडे बांधून भोपाळला आली. या घरातील आजी त्या वेळी चार वर्षांच्या होत्या. वडिलांचे बोट धरून त्या या गावी उतरल्या, येथेच शिकल्या, एका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झाल्या. मराठी बोलणे आणि उन्हाळ्यातली वाळवणे या दोन गोष्टी मात्र त्यांनी नागपूरच्याच ठेवल्या.

दिवस होता मे महिन्याच्या २५ तारखेचा. सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तो हा दिवस. येथून पुढच्या नऊ दिवसांना उत्तरेकडे नवतपा म्हणतात, आणि या दिवसांत भोपाळचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. घरात मात्र त्या दिवशी उन्हापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चर्चा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री येणार होता आणि सबंध परसावर सिमेंटची फरशी घालणार होता. पुढच्या अंगणात वाळूचा ढीग पडला होता. सिमेंटच्या गोण्या जिन्याखाली रचल्या होत्या. फरशीचा हट्ट होता आजींचाच. मागच्या श्रावणात त्या परसातल्या चिखलावर घसरून पडल्या, मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसावे लागले. त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला टाकले होते. त्यांचे म्हणणे अगदी वाजवी होते. ज्याचे हाड मोडले आहे त्याला मातीची महती सांगणे शोभत नाही.

पहाटे पाच वाजता घर जागे झाले, कारण त्या दिवशी कुरडया करावयाच्या होत्या. कुरडईचे काम उन्हाला भिऊन पहाटेच उरकावे लागते. तीन दिवस गहू भिजत घातलेला, रोज त्याचे पाणी बदललेले, मग वाटून, गाळून काढलेला तो पांढराशुभ्र चीक. सूनबाईंनी मोठ्या पातेल्यात तो शिजत घातला. गुठळी होऊ नये म्हणून एकसारखा ढवळला. छपराच्या कडेवर दयाळ पक्षी गात होता. काळापांढरा, शेपूट उभारून बसणारा हा पक्षी उन्हाळ्याच्या पहाटे सर्वांच्या आधी गाऊ लागतो. आणि ज्या घरात कुरडया असतात तेथील माणसांनाच त्याचे सबंध गाणे ऐकावयास मिळते, कारण बाकीचे निजलेले असतात.

आजींनी परस झाडले. कडुलिंबाची वाळलेली पाने त्यांनी केरसुणीने झाडाच्या बुंध्याशी लोटली. ढीग झाला न झाला तोच सातभाईंचा थवा कलकलाट करीत उतरला. हे पक्षी एकटे राहत नाहीत. सात-आठ जणांचे कुटुंब एकत्र हिंडते. एक जण फांदीवर पहाऱ्याला बसतो आणि बाकीचे चोचीने पाने उलटीपालटी करून खालचे किडे टिपतात. घरट्यातील पिलांना आईबापांबरोबर थव्यातले इतरही भरवतात. आजींनी लोटलेला केर त्यांनी पुन्हा परसभर पसरला. "मेल्यांनी पुन्हा पसारा केला," असे आजी म्हणाल्या. पण त्या रोजच तसे म्हणतात आणि रोजच ढीग तेथेच लावतात.

सात वाजेपर्यंत खाटेवर जुने लुगडे पसरून सोऱ्याने कुरडया घालून झाल्या. पलीकडे दुसऱ्या चादरीवर वर्षाच्या बेगमीचा गहू उन्हात टाकला. हा गहू सीहोरकडचा शरबती. भोपाळच्या शेजारचा सीहोर जिल्हा या गव्हासाठी प्रसिद्ध आहे. उन्हे खाल्लेला गहू थंड करून कोठीत भरावयाचा आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावयाचा, म्हणजे सोंडे लागत नाहीत. हा पाला परसातल्याच झाडाचा.

नातवाला सुटी होती. त्याच्या हाती एक काठी देऊन आजींनी त्याला राखणीला बसवले. श्रोतेहो, पक्षिनिरीक्षण म्हटले की दुर्बीण, वही आणि पुस्तके डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्याकडे घरोघर पिढ्यान्‌पिढ्या जे निरीक्षण चालत आले, ते या वाळवणाच्या राखणीतून. राखण करणाऱ्याला पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसते. कावळा कोणत्या बाजूने येतो, खार किती धीट आहे, चिमण्या किती वाजता येतात, हे त्याला ठाऊक होतेच.

खार आली ती पेरूच्या झाडावरून. तिच्या पाठीवर पाच पट्टे होते. प्रभू रामचंद्रांनी खारीच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली अशी कथा आपल्याकडे सांगतात, आणि दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर पट्टे तीनच असतात; उत्तर भारतात सामान्यतः आढळते ती खार निराळ्या जातीची, पाच पट्ट्यांची. नातवाने ते मोजून आजीला सांगितले. आजी म्हणाल्या, "इकडच्या खारीवर पूर्ण हात फिरवला असेल." एवढ्यावर तो प्रश्न मिटला.

चिमणीने मात्र मुलाला कोड्यात टाकले. ती गव्हाच्या चादरीच्या काठावर येऊन बसली. पुढ्यात मणभर गहू होता आणि काठी दूर होती. तरीही ती गव्हाला न शिवता पेरूच्या पानाआडून एक हिरवी अळी घेऊन वळचणीकडे उडाली. असे तिने पुष्कळ वेळा केले. याचे कारण असे की चिमणी स्वतः दाणे खाणारी असली तरी तिच्या कोवळ्या पिलांना पहिले काही दिवस किड्यांचे आणि अळ्यांचे खाद्य लागते. शहरातील चिमण्या कमी होण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत घरट्याजोग्या जागांबरोबर हे किडे नाहीसे होणे हेही एक आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमणीच्या रक्षणाचे काम हाती घेतले, आणि २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणी दिन म्हणून पाळला जातो. परंतु चिमणीचा दिवस वर्षातून एकदा उजाडून भागत नाही. तिला रोज अळी लागते. अळीला पान लागते, आणि पानाला माती.

थोड्या वेळाने त्याच चिमण्या मोरीपलीकडच्या सुक्या मातीत उतरल्या. प्रत्येकीने छातीने वाटीएवढा खळगा केला आणि पंख फडफडवून अंगावर धूळ घेतली. हे त्यांचे स्नान. पिसांतील जास्तीचे तेल आणि बारीक कीटक या धुळीने निघून जातात असे मानतात. पाण्याची आंघोळ करणारा पक्षी आपल्याला स्वच्छ वाटतो आणि धुळीत लोळणारा वाटत नाही. पण स्वच्छतेची रीत ज्याची त्याची निराळी.

घरच्या आवारात बसून पाहण्याला कमी लेखू नये. डॉ. सलीम अली १९३० साली जर्मनीतून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. त्या वेळी ते कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, किहीम येथे समुद्राकाठच्या घरी राहत होते. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि पाहत. सुगरणीचे घरटे नर विणतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर त्यात संसार मांडते. नर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. हा क्रम त्यांनी त्या मुक्कामात टिपला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. बेकारीच्या दिवसांत घराशेजारी पाहिलेल्या गोष्टीने शास्त्रात भर पडली.

दुपारी बारा ते तीन परस निःशब्द झाले. लू वाहू लागली. सूनबाईंनी कूलरमध्ये पाणी भरले आणि वाळ्याचा पडदा भिजवला. बाहेर फक्त तांबट पक्ष्याचा टुक्‌ टुक्‌ आवाज चालू होता, जणू दूर कोणी तांब्याचे भांडे घडवीत आहे. हा हिरवा, कपाळावर तांबडा ठिपका असलेला लहानसा पक्षी चोच मिटूनच आवाज काढतो. प्रत्येक टुकाराबरोबर त्याचा गळा फुगतो. शेवग्याच्या एका वठलेल्या फांदीला त्याने गोल भोक पाडून घर केले होते. ही फांदी तोडावयाची असे दोन वर्षे घरात चालले होते.

पक्ष्यांना घाम येत नाही, कारण त्यांना घर्मग्रंथी नसतात. म्हणून उन्हात बुलबुल आणि कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतात. श्वासाबरोबर वाफ जाते आणि अंग निवते. यासाठी शरीरातले पाणी खर्ची पडते व ते भरून काढावे लागते. पेरूच्या सावलीत आजींनी मातीचे एक पसरट भांडे ठेवले होते. त्यात लहान पक्ष्यांना उभे राहता यावे म्हणून एक दगड. श्रोत्यांपैकी कोणी असे भांडे ठेवीत असेल तर एक पथ्य पाळावे. ते रोज रिकामे करून काथ्याने घासावे. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठवड्याभराचा अवधी पुरतो. पक्ष्यांची सेवा करताना शेजाऱ्यांना ताप आणू नये.

भर दुपारी या भांड्यावर मुंगूस येऊन गेले. त्याच वेळी मोरीपाशी एक सडपातळ कंबरेची कुंभारमाशी ओल्या चिखलाची गोळी तोंडात धरून उडाली. अशा गोळ्यांनी ती भिंतीच्या कोपऱ्यात मातीची कोठडी बांधते, तीत नांगीने बधिर केलेले कोळी भरते, त्यांवर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघणाऱ्या अळीची शिदोरी अशी आधीच भरलेली असते. खिडकीतून पाहत असलेल्या मुलाने विचारले, "आजी, उद्या फरशी झाली की ही माती कोठून आणील?" आजी अंथरुणावर पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणील कोठून तरी. झोप आता."

चार वाजता चहा झाला. कुरडया कडकडीत वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. सूनबाई त्या डब्यात भरू लागल्या, आणि मुलगा काठी घेऊन परसाच्या टोकाला गेला. तेथून तो हळू आवाजात आजीला बोलावू लागला. आजी काठीचा आधार घेत आल्या. मोरीच्या पाण्याने जेथे माती थोडी ओलसर राहत असे, त्या कोपऱ्यात एक सरडी पुढच्या पायांनी खड्डा खणीत होती.

सरड्याविषयी आजींना प्रेम नव्हते. विणीच्या दिवसांत सरड्याच्या नराचे डोके व गळा लालभडक होतो, त्यावरून तो रक्त पितो असा समज पसरला आणि त्यापायी या निरुपद्रवी प्राण्याने फार दगड खाल्ले. वास्तविक तो किडे खातो. मादी मातकट रंगाची असते. त्या मादीने पायाखालची माती मागे सारली, मग देह अर्धा खड्ड्यात घालून ती स्थिर झाली. पुष्कळ वेळ ती हलली नाही. आजी आणि नातू पेरूआड उभे राहिले. मग तिने मऊ कवचाची पांढरी अंडी एकामागून एक खड्ड्यात घातली, पायांनी माती ओढून खड्डा बुजवला, आणि जागा अशी सारखी केली की डोळ्यांदेखत पाहिले नसते तर ती ओळखू आली नसती. ती एका वेळी दहा-वीस अंडी घालते. त्यानंतर ती त्यांच्याकडे परत येत नाही. सुमारे सहा-सात आठवडे उबवण्याचे काम माती करते. भोपाळला पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो. म्हणजे पिले वर येतील तेव्हा पावसाने किड्यांची चंगळ झालेली असेल.

मुलाने विचारले, "आजी, उद्या यांच्यावर सिमेंट पडणार?"

"मिस्त्रीला सांगून झाले आहे, बाळ," आजी म्हणाल्या.

मुलगा पुढे काही बोलला नाही. राखणीची काठी त्याने त्या जागेपासून हातभर अंतरावर मातीत रोवली आणि तो घरात गेला.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण हसून वापरतो. परंतु कुंपणापर्यंतच ज्याची धाव, त्याला जे काही लागते ते कुंपणाच्या आतच मिळावे लागते. दुसरीकडे जाण्याची त्याला सोय नाही. वाघासाठी अरण्य राखावे लागते आणि ते काम सरकारचे आहे. सरडीसाठी हात दोन हात माती राखावी लागते, आणि ते काम ज्याचे परस त्याचे. मातीही वाटते तशी निर्जीव नाही. इंग्लंडात चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले. एकोणतीस वर्षांनी, १८७१ साली, त्यांनी तेथे चर खणला, तेव्हा ते तुकडे सात इंच खाली गेलेले आढळले. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात, म्हणून हे घडले. १८८१ साली त्यांनी गांडुळांवर जो ग्रंथ लिहिला त्यात हा प्रयोग आहे. घरामागची जमीन अशी रात्रंदिवस हळूहळू काम करीत असते. तिच्यावर सिमेंट ओतले की ते काम थांबते; पावसाचे पाणी मुरावयाचे थांबून गटारात जाते, आणि दुपारी तापलेली फरशी रात्रीपर्यंत ऊन ओकत राहते.

संध्याकाळी आजींचे चिरंजीव कामावरून आले. आजी परसात मागच्या दारापासून मोरीपर्यंत पावले मोजीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, गेल्या वर्षी मी पडले ती या वाटेवर. त्या कोपऱ्यात मी कधी पडलेली नाही."

"मग?"

"मग फरशी वाटेवर घालू. वाळवणापुरता एक ओटा करू. बाकीची माती राहू दे."

"पण आई, तूच तर म्हणत होतीस. आणि पावसात चिखल घरात येतो तो?"

"वाट थोडी उंच कर, म्हणजे येणार नाही."

"सिमेंट उरेल ना."

"पुढची पायरी फुटली आहे, तिला लाव."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आई, तुम्ही चांगले केलेत. तुळशीलाही ऊन लागले असते." चिरंजिवांनी मिस्त्रीला फोन केला. काम निम्म्याने कमी होते म्हणून मिस्त्री थोडा कुरकुरला. त्यालाही हिशेब होता. शेवटी पायरीचे काम त्यालाच द्यावयाचे ठरले.

रात्री दिवा लागला तेव्हा माठाच्या तिवईखालून एक भेक बाहेर आला आणि दिव्याखाली पडणारे किडे टिपू लागला. कडुलिंबावर पिंगळ्याची जोडी किचकिचाट करून गेली. गहू दुसऱ्या दिवशी कोठीत भरावयाचा होता. त्यासाठी मुलाने पाला गोळा करून ठेवला. दिवसाची कामे संपली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने दोन खुंट्या ठोकून दोरी ताणली. दोरीच्या अलीकडे खडी पडली. पलीकडे माती राहिली, आणि मातीत ती काठी तशीच उभी राहिली. जुलैच्या मध्यावर पेरूच्या एका डहाळीवर मुलाला बोटाएवढा एक सरडा दिसला. तो त्याच अंड्यांपैकी असेल की दुसरीकडचा, हे सांगता येत नाही. मुलाला मात्र त्याविषयी शंका नाही. आजी त्या वाटेवरून आता पावसातही न घसरता मोरीपर्यंत जातात.

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरामागे थोडी जमीन आहे, त्यांच्याकडेही एखाद्या दिवशी मिस्त्री येणार असेल. पडण्याचे भय खोटे नाही, चिखलाचा त्रासही खोटा नाही. तेव्हा वाट जरूर बांधावी. मात्र दोरी ताणण्यापूर्वी एक दिवस, काही वाळत घालून, हाती काठी घेऊन त्या परसात राखणीला बसावे. आपली वाट कोठे संपते आणि दुसऱ्यांचे घर कोठे सुरू होते, ते त्या एका दिवसात कळते.